दुपारचे आकडे

"साहेब, ह्या पानाला जरा हात लावून बघा. ताप आल्यावानी लागतंय."

केवळाबाई सुरवसे एका कुंडीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. ज्वारीचं एक लांब पान त्यांनी दोन तळहातांच्या मधे धरलं होतं, आजारी लेकराचा हात धरावा तसं. मार्च संपत आला होता. दुपारचे बारा वाजून गेले होते आणि मला आत जायची घाई होती.

मी उभ्या उभ्याच पानाला बोट लावलं. "ऊन आहे बाई. तापणारच."

"मग शेजारचं बघा की. ऊन तर तेच हाय."

शेजारच्या कुंडीतलं पान गार होतं. ओल्या फडक्यासारखं गार. मी परत पहिल्या पानाला हात लावला आणि कुंडीवर रंगवलेलं अक्षर पाहिलं. 'ड'.

"कीडबीड असेल काहीतरी," मी म्हणालो. "तुम्ही तुमची वजनं घ्या." आणि छत्री उघडून कार्यालयाकडे चालायला लागलो.

ही एक्क्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. शेतकीचं पदव्युत्तर शिक्षण संपवून नुकताच नोकरीला लागलो होतो, संशोधन साहाय्यक म्हणून. सोलापूरकडच्या कोरडवाहू मुलखात, हिंगणवाडी नावाच्या गावाबाहेर आमचं ज्वारी संशोधन केंद्र होतं. चाळीस एकर काळी जमीन, एक बैठी इमारत, एक पत्र्याचं गोदाम आणि आजूबाजूला नजर पोचेल तिथपर्यंत उघडं माळरान.

केंद्राचे प्रमुख होते डॉ. मल्लिनाथ बिराजदार. उंच, किंचित वाकलेले, कमी बोलणारे. निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं. त्यांच्या डोक्यात गेली दहा वर्षं एकच प्रश्न होता, आणि माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी तो मला समजावून सांगितला होता.

"नाईकवाडे, पानाच्या पाठीला किती तोंडं असतात ते तुम्ही शिकला आहात. त्या तोंडांनी झाड हवा घेतं. पण तोंड उघडलं की आतली ओल वाफ होऊन बाहेर जाते. हवा जितकी कोरडी, तितकी ती जास्त ओढून घेते. बरोबर?"

"हो सर. आणि मुळाशी पाणी कमी पडलं की झाड तोंडं मिटून घेतं."

"ते पुस्तकातलं झालं. पाणी संपत आल्यावर काटकसर कुणीही करतं. मी विचारतोय, घर भरलेलं असताना काटकसर करणारं कुणी आहे का? मुळाशी भरपूर ओल आहे, पण दुपारची हवा फार कोरडी झाली म्हणून तेवढ्यापुरती तोंडं मिटून घेणारी ज्वारी. आपली रब्बीची ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. वरून थेंब नाही. अशी ज्वारी सापडली, तर दाणे भरायच्या वेळी तिच्या मुळाशी दोन घोट शिल्लक असतील."

त्यासाठी त्यांनी गावोगाव हिंडून ज्वारीचे जुने वाण गोळा केले होते. त्यांतल्या सहा वाणांच्या चार-चार कुंड्या, अशा चोवीस कुंड्या उघड्यावर मांडल्या होत्या. प्रत्येक कुंडीला रोज सकाळी पोटभर पाणी द्यायचं आणि मातीवर प्लॅस्टिक घट्ट बांधायचं, म्हणजे पाणी जाईल ते फक्त पानांतूनच. मग दोन प्रकारे मोजायचं. केवळाबाईंनी दर दोन तासांनी, दहाला, बाराला, दोनला, चारला, प्रत्येक कुंडी काट्यावर चढवून तिचं वजन लिहायचं. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी गेलं. आणि मी नऊ, अकरा, एक आणि तीन वाजता एका यंत्राने पानांची तोंडं किती उघडी आहेत ते मोजायचं. पोरोमीटर म्हणायचे त्या यंत्राला. ते परदेशातून आलेलं होतं, आणि केंद्रावर पाहुणे आले की साहेब लोक आधी ते यंत्र दाखवायचे.

केवळाबाई रोजंदारीवर होत्या. केंद्रावर तशा आठ बाया होत्या, सगळ्या हिंगणवाडीच्या. खुरपणी, काढणी, मळणी, पडेल ते काम. केवळाबाईंचं वय असेल तिशी-बत्तिशीचं. शाळा तिसरीपर्यंत. एकदा गोदामात खताची पोती तोलताना त्यांनी मुकादमाची चूक दाखवली. ते सरांनी पाहिलं आणि त्यांच्या हातात पेन्सिल आणि वही दिली. दहा-बारा किलोची कुंडी उचलायची, काट्यावर ठेवायची, दांडीवरचं वजन सरकवत दांडी सरळ करायची, ग्रॅममधला आकडा वाचायचा, लिहायचा, कुंडी जागेवर ठेवायची. दिवसातून चार वेळा, चोवीस कुंड्या. वही त्या पदराखाली धरून चालायच्या. बाकीच्या बाया त्यांना 'मास्तरीण' म्हणून चिडवायच्या आणि त्यांना ते आवडायचं. सरांनी त्यांच्यासाठी प्रयोगशाळेतल्या कायम जागेची शिफारस करायचंही ठरवलं होतं. ते त्यांना माहीत होतं.

एकदा मला त्यांनी विचारलं, "साहेब, वजन घटतंय ते जातंय कुठं?"

मी ऐटीत पान उलटं करून दाखवलं, तोंडांचं सांगितलं. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.

"म्हंजे आपण भाकरी उघडी ठिवली की वाळती. गुंडाळून ठिवली की ऱ्हाती."

"तसंच."

"मग ह्यातलं एखादं झाड दुपारी सोताला गुंडाळून घेत आसंल."

"मुळाशी पाणी आहे बाई. पाणी असताना कशाला गुंडाळून घेईल?" मी हसून म्हणालो. मी पुस्तकातलं बोलत होतो.

आता यंत्राचं. सकाळच्या दोन फेऱ्या मी नीट घ्यायचो. पण एक वाजता हिंगणवाडीच्या माळावर उभं राहणं म्हणजे भट्टीच्या तोंडाशी उभं राहणं. बेचाळीस अंश. यंत्राचा चिमटा पानाला लावून आकडा स्थिर व्हायची वाट बघायची. इतक्या कोरड्या हवेत तो लवकर स्थिर व्हायचा नाही. मग यंत्र पुन्हा जुळवायचं, पुन्हा लावायचं. चोवीस कुंड्यांना तास-दीड तास लागायचा. आणि मे महिन्यात माझी स्पर्धा परीक्षा होती. केंद्रावरच्या यंत्रखोलीत कूलर होता.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी यंत्र अडून बसलं. अर्धा तास खटपट करून मी ते आत घेऊन आलो आणि एक वाजताचा रकाना रिकामा राहू नये म्हणून अंदाजाने आकडे लिहिले. अकरा वाजताचे आकडे घेतले, त्यांत थोडी थोडी भर घातली. मुळाशी पाणी आहे म्हणजे तोंडं उघडीच असणार. तीन वाजता पुन्हा बाहेर जायचा कंटाळा आला. तेही आकडे तसेच लिहिले. सरांनी संध्याकाळी वही पाहिली, सही केली.

दुसऱ्या दिवशी यंत्र चालू होतं. मी गेलो नाही.

पुढचे तीन आठवडे एकची आणि तीनची फेरी मी कूलरसमोर बसून भरली. एका बाजूला इतिहासाचं पुस्तक, दुसऱ्या बाजूला वही. मला कुणी पाहत नव्हतं. बाराची वजनं घेऊन केवळाबाई भाकरी खायला आणि मग बी निवडायला गोदामात जायच्या ते दोनला परत यायच्या. चारपर्यंत पुन्हा तसंच. त्या दोनला कुंड्यांपाशी यायच्या तेव्हा मी आत असायचो. त्यांना वाटायचं मी माझी फेरी उरकून गेलोय.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सरांनी मला खोलीत बोलावलं. परवा पाहणी समिती येणार होती. काम पुढे तीन वर्षं चालू ठेवायचं की बंद करायचं हे ती ठरवणार होती. टेबलावर दोन्ही वह्या उघड्या होत्या. सरांनी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने सहा रेघा काढल्या होत्या. मी त्यांना इतकं उत्तेजित कधी पाहिलं नव्हतं, आणि इतकं गोंधळलेलंही नाही.

"हे केवळाबाईंच्या वजनांवरून काढलंय," ते म्हणाले. "ही 'ड'ची रेघ बघा. सकाळी सगळ्यांच्या बरोबरीने पाणी सोडते. बारानंतर बाकीच्या पाच वर चढतात, दोन तासांत दोनशे-दोनशे ग्रॅम. आणि ही इथे वाकते. सव्वाशे. चारही कुंड्यांत. रोज. नाईकवाडे, हेच मी दहा वर्षं शोधतोय."

मी त्या वाकलेल्या रेघेकडे पाहत राहिलो.

"पण तुमचं यंत्र म्हणतं की 'ड'ची तोंडं एक वाजता सगळ्यांइतकीच उघडी आहेत. तोंडं उघडी आणि पाणी जात नाही, हे शक्य नाही. दोहोंतलं एक चूक आहे."

खरं काय ते सर दुसऱ्या दिवशी स्वतः उभे राहून मोजणार होते. पण त्या रात्रीतून वळवाचे ढग आले. सकाळी आभाळ भरलेलं, हवा दमट, अंगाला चिकटणारी. तरी सर कुंड्यांपाशी दिवसभर उभे राहिले. मी यंत्र लावत होतो, केवळाबाई कुंड्या तोलत होत्या. त्या दिवशी 'ड'ने बाकीच्यांइतकंच पाणी सोडलं. यंत्रही तेच म्हणत होतं, काटाही तेच.

संध्याकाळी सरांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. केवळाबाई दाराशी उभ्या राहिल्या.

"आजच्या दिवसावरून काही ठरत नाही," सर म्हणाले. "आज हवाच कोरडी नव्हती. झाडाला तोंड मिटायचं कारण नव्हतं. म्हणजे मला वह्यांवरच विसंबायला हवं. केवळाबाई, तुम्ही दोन वाजताची वजनं कशी घेत होतात?"

"जशी सकाळी घ्यायची तशीच, डाक्टरसाहेब. काट्यावर दिसंल ते लिवलं."

"'ड'च्या कुंड्या कितव्या तोलायच्या?"

"त्या शेवटच्या रांगंला हायत. शेवटी."

सर माझ्याकडे वळले. "नाईकवाडे, एक वाजताचे आणि तीन वाजताचे सगळे आकडे तुम्ही स्वतः पानाला यंत्र लावून घेतले आहेत?"

त्या क्षणी मला सगळं दिसलं. ते तापलेलं पान. ज्या पानातून वाफ जात नाही ते गार कसं राहील? इतकं साधं होतं ते. मला तेव्हाच, त्या खोलीत, पक्कं कळलं की केवळाबाईंचा आकडा खरा आहे आणि सरांना जे हवं होतं ते त्यांना सापडलंय. फक्त 'नाही' म्हणायचं होतं.

"हो सर," मी म्हणालो. "सगळे घेतलेत."

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ. पण सर अजून केवळाबाईंच्या वहीकडेच पाहत होते, त्यांना ती सोडवत नव्हती. मला भीती वाटली. मी पुढे म्हणालो, "सर, दुपारी ऊन फार असतं. शेवटच्या रांगेपर्यंत येता येता माणूस थकतो. कदाचित बाईंनी त्या कुंड्या न उचलताच, अंदाजाने..."

"न्हाई!" केवळाबाई एकदम पुढे आल्या. "एक बी कुंडी सोडली न्हाई म्या. आईची आण."

"केवळाबाई," सर हळू म्हणाले, "तुम्ही मुद्दाम केलं असं कुणी म्हणत नाही. वाचताना चूक होऊ शकते."

"रोज चूक हुईल का डाक्टरसाहेब? त्याच चार कुंड्यांची?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एका बाजूला परदेशातून आलेलं यंत्र आणि पदव्युत्तर शिकलेला साहाय्यक होता, दुसऱ्या बाजूला तिसरी शिकलेली बाई. मग केवळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मदतीसाठी. "साहेब, तुमचं मशीन काय म्हनतंय? खरंच उघडी हुती तोंडं?"

"हो," मी म्हणालो.

"मशीनला दिसली?"

"हो बाई. दिसली."

त्यांचा चेहरा बदलत गेला. आधी त्या माझ्याकडे बघत होत्या, मग वहीकडे, आणि मग स्वतःच्या हातांकडे बघायला लागल्या. "मग माझंच चुकलं आसंल," असं काहीतरी पुटपुटल्या आणि पदराखालची पेन्सिल काढून टेबलावर ठेवून गेल्या.

समितीपुढे सर सरळ बोलले. "असा वाण असावा असं मला वाटत होतं, मोजमापात तो दिसला नाही." एवढंच. वजनांची वही त्यांनी समोर ठेवलीच नाही. काम बंद करायचं ठरलं. महिन्याभरात कुंड्या रिकाम्या करून गोदामात रचून ठेवल्या. 'ड'चं बी पुढच्या हंगामात कुणी पेरलं नाही, आणि नंतर ते किडून गेलं असं ऐकलं.

केवळाबाईंना कुणी काढलं नाही. त्या बाकीच्या बायांबरोबर खुरपायला लागल्या. मुकादमाने गोष्ट गावभर केली होती. 'मास्तरणीनं घरी बसून आकडं लिवलं' असं म्हणून बाया हसायच्या. दहा-बारा दिवसांनी त्या यायच्या बंद झाल्या. कायम जागेवर दुसऱ्या कुणाला तरी घेतलं.

मी परीक्षा पास झालो. मला कृषी अधिकारी म्हणून पहिली नेमणूक मिळाली, त्याच्या दुसऱ्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला मी गेलो होतो. चहा पिताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"नाईकवाडे, तुमचे आभार मानायचे राहून गेले. त्या वेळी तुमचे आकडे नसते तर मी मोहात पडलो असतो. नसलेली गोष्ट आहे म्हणून सांगून बसलो असतो. तुम्ही मला वाचवलंत."

मी कपातल्या चहाकडे बघत "छे छे सर" म्हणालो. सर पुढे अकरा वर्षं जगले. त्या अकरा वर्षांत मी त्यांच्या गावावरून पुष्कळदा गेलो.

दोन हजार बारा साली खात्याने आम्हाला एका प्रशिक्षणाला पाठवलं. मी तोपर्यंत बराच वर चढलो होतो, हाताखाली गाडी आणि ड्रायव्हर होता. तिसऱ्या दिवशी दुपारी एक तरुण शास्त्रज्ञ मुलगी ज्वारीवर बोलायला उभी राहिली. जेवणानंतरची वेळ, निम्मे लोक पेंगत होते. तिने पडद्यावर एक आलेख लावला आणि सांगितलं की काही वाण, मुळाशी पाणी असतानाही, हवा एका मर्यादेपलीकडे कोरडी झाली की पाणी सोडायचं आवरतं घेतात. पडद्यावर सहा-सात रेघा होत्या. एक वाकलेली होती.

मी उठून बाहेर आलो. सरांना सांगायची सोय उरली नव्हती. परतीच्या वाटेवर मी ड्रायव्हरला हिंगणवाडीला गाडी घ्यायला सांगितलं.

केवळाबाईंचं घर सापडायला वेळ लागला नाही. सिमेंटची दोन खोल्यांची बांधणी, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, पण मी लगेच ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर लगबगीने उठल्या, सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला, माझ्यासाठी खुर्ची आणली.

"लई मोठं साहेब झाला म्हनं तुम्ही. बरं झालं. हुशारच हुता."

इकडचं तिकडचं बोलणं झालं. केंद्र केव्हाच बंद पडलं होतं. मुलगा बारावीनंतर दूध डेअरीत लागला होता. सून चहा घेऊन आली आणि सहज म्हणाली, "आमच्या बचत गटात आत्याबाईंना किती येळा म्हनलं, तुम्ही हिशेब बघा, तुम्हाला वाचता येतंय. ऐकतच न्हाईत."

"माझं आकड्याचं चुकतंय बाई," केवळाबाई म्हणाल्या. "माज्या डोळ्याला धड दिसत न्हाई पहिल्यापासनं. उगं कुणाचं नुकसान नको."

"चुकत नाही," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"केवळाबाई, त्या 'ड'च्या कुंड्या. दोन वाजताची वजनं. तुमचे आकडे बरोबर होते. एकूण एक. आता शास्त्रज्ञांनीच दाखवलंय, तशी ज्वारी असते. कोरड्या हवेत दुपारी तोंड मिटून घेणारी. 'ड' तीच होती."

शेंगा फोडणारे हात थांबले. "काटा बरोबर हुता?"

"काटा बरोबर होता. तुम्ही बरोबर वाचलं होतं."

"आन मशीन?"

"मशीन पण बरोबर होतं. मी ते लावलंच नव्हतं. मी आत बसून आकडे लिहायचो. माझी परीक्षा होती. बाहेर ऊन होतं."

हे वाक्य मी एकवीस वर्षं मनात कितीतरी वेळा जुळवलं होतं. तोंडातून आलं तेव्हा ते इतकंच निघालं.

सून भिंतीला टेकून उभी राहिली. मला वाटलं केवळाबाई रडतील, किंवा चप्पल उचलतील. मी दोन्हीला तयार होतो. त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली, हात धुतले, पदर सारखा केला आणि पायात चपला घातल्या.

"उठा साहेब. माज्यासंगं चला."

"कुठे?"

"आठ बाया हुतो आमी केंद्रावर. दोघी गेल्या. एक मी. पाच हायत अजून. आन मुकादम हाय. आत्ता मला जे सांगितलं ते त्यांच्या दारात सांगायचं."

दुपारची वेळ होती. गावातून त्या पुढे आणि मी मागे असे निघालो. ड्रायव्हर गाडीतून उतरून काय चाललंय ते बघत मागून येत होता. मी त्याला गाडीपाशी थांबायला सांगणार होतो. नाही सांगितलं.

पहिल्या घरी मी सांगितलं, आणि मधे एकदा 'चूक झाली' म्हणालो. केवळाबाई लगेच म्हणाल्या, "चूक न्हवं. नीट सांगा. काय केलं ते." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कूलर, पुस्तक, वही, सरांनी विचारलेला प्रश्न, माझं उत्तर. दुसऱ्या घरी मी मधलं काही गाळलं नाही. मुकादम आता लकव्याने अंथरुणाला खिळला होता. त्याने सगळं ऐकलं आणि तोंड फिरवून घेतलं. तिथून निघताना केवळाबाई उंबऱ्यात क्षणभर थांबल्या आणि चालायला लागल्या. आमच्या मागे आता पाच-सहा बायका आणि काही पोरं जमली होती. कुणी हसत नव्हतं.

शेवटचं घर भामाबाईचं होतं, गावाच्या टोकाला. 'मास्तरणीनं घरी बसून आकडं लिवलं' हे सगळ्यांत आधी म्हणणारी तीच. आता पार म्हातारी झाली होती. दारातल्या बाजेवर बसली होती. मी तिच्यासमोर उभा राहून सांगायला सुरुवात केली. ती नुसतीच माझ्या ओठांकडे बघत राहिली.

"तिला ऐकू येत न्हाई," केवळाबाई म्हणाल्या. "मोठ्यानं सांगा."

मी आवाज वाढवला. भामाबाईने कानामागे हात धरला आणि मान हलवली. समोरच्या घराचं दार उघडलं. वरच्या आळीतले दोघं-तिघं रस्त्यात थांबले.

"आजून मोठ्यानं," केवळाबाई म्हणाल्या.

मी छाती भरून श्वास घेतला आणि त्या उन्हात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "केवळाबाईंनी खोटं लिहिलं नाही! मी लिहिलं!"

भामाबाईने केवळाबाईंकडे पाहिलं. मग बाजेवर सरकून तिने स्वतःच्या शेजारी त्यांना बसायला जागा करून दिली.